ब्रह्मदेश आणि सयाम : सागाच्या व्यापाराची दोनशे वर्षे

मुंबईतील जुन्या चाळीचा जिना, गिरगावातील एखाद्या घराची चौकट किंवा जुन्या कचेरीतील टेबल दाखवून आपल्याकडील म्हातारी माणसे अजूनही म्हणतात, "हा बर्मा टीक आहे, याला शंभर वर्षे काही होत नाही." ते खोटे नसते. पण हा साग ज्या अरण्यांतून आला, तेथे त्याच्या पायी राज्ये गेली, राजे हद्दपार झाले आणि टोळ्याटोळ्यांचे संसार उठले, याची आठवण त्या चौकटीतून येता-जाता आपणांस होत नाही. आज आम्ही जो विषय घेतला आहे तो या लाकडाच्या व्यापाराचा. आणि तो दोन शेजारी देशांची तुलना करीत मांडावयाचा आहे. एक ब्रह्मदेश, ज्याला आता म्यानमार म्हणतात. दुसरा सयाम, ज्याने १९३९ साली थायलंड हे नाव घेतले.

हीच जोडी का घेतली, असे कोणी विचारील. कारण असे की, इतिहासात प्रयोगशाळा नसते. तरी येथे ती जवळजवळ मिळाली आहे. झाड एकच, डोंगररांगा लागून, हत्ती तेच, लाकूड तोडणाऱ्या गोऱ्या कंपन्याही पुष्कळशा त्याच. फरक एवढाच की ब्रह्मदेश इंग्रजांनी तीन लढायांत गिळला आणि सयाम अखेरपर्यंत स्वतंत्र राहिला. तेव्हा स्वातंत्र्याने व्यापारात काय फरक पडतो, आणि ज्या अरण्यावर तो व्यापार चालतो त्याला त्या स्वातंत्र्याचा काय उपयोग होतो, हे दोन प्रश्न येथे समोरासमोर ठेवता येतात. त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

प्रथम झाडाविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाही तर पुढचे काहीच उमगणार नाही. सागाच्या लाकडात एक प्रकारचे तेल असते. त्यामुळे त्याला वाळवी लवकर लागत नाही, पाण्यात ते कुजत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यात ठोकलेला लोखंडी खिळा गंजत नाही. विलायतेतील ओक लाकडात हा शेवटचा गुण नाही. त्यातील आम्ल लोखंडाला खाते. म्हणून जहाजे बांधणाऱ्यांना साग सोन्यासारखा वाटे. पण या झाडाची एक खोड आहे. ओला साग पाण्यावर तरंगत नाही, बुडतो. आणि डोंगरातील दहा-दहा हात लांबीचे ओंडके समुद्रापर्यंत न्यावयाचे तर नदीवाचून त्या काळी वाट नव्हती. यावर ब्रह्मी लोकांनी फार पूर्वीच तोड काढली होती. उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि बाहेरचे कोवळे लाकूड कापून खोल कडे पाडावयाचे. झाड उभ्याउभ्याच मरते आणि दोन-तीन वर्षे ऊनवारा खात वाळत राहते. मग ते पाडावयाचे, हत्तींकडून ओढ्याच्या पात्रापर्यंत ओढवावयाचे आणि पावसाळ्याच्या पुराची वाट पाहावयाची. पूर भरपूर आला तर ओंडका मोठ्या नदीला लागतो; अपुरा आला तर वर्ष फुकट जाते. मोठ्या नदीत ओंडके गोळा करून त्यांचे तराफे बांधतात आणि त्यांवर झोपडी घालून माणसे महिनोन् महिने खाली उतरत राहतात.

आता हिशेब पाहा. कडे पाडल्यापासून बंदरातल्या वखारीत लाकूड येईपर्यंत पाच वर्षे सहज जात. दुष्काळी वर्षे आली तर त्याहूनही अधिक. तितका काळ पैसा अडकून पडतो. हत्ती विकत घ्यावयाचे, माहुतांना आगाऊ रकमा द्यावयाच्या, ओंडक्यांवर आपला छाप मारावयाचा आणि नदीकाठचे चोर तो छाप तासून काढतात म्हणून पहारे बसवावयाचे. गावठी व्यापाऱ्याला हे झेपत नसे. एक पावसाळा चुकला की तो सावकाराच्या हाती जाई. मोठ्या भांडवलाच्या परदेशी कंपन्या या धंद्यात का शिरल्या आणि एकदा शिरल्यावर इतरांना का टिकता आले नाही, याचे मूळ राजकारणाइतकेच या पुराच्या पाण्यातही आहे.

या कथेची सुरुवात मात्र आपल्या दाराशी होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी इंग्रज आरमारासाठी सागाची जहाजे बांधली. १८१७ साली मुंबईत बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. त्याचा साग मलबारचा. परंतु मलबारच्या किनाऱ्याजवळची झाडे झपाट्याने संपत गेली. १८०६ साली तेथे कॅप्टन वॉटसन यांस वनरक्षक नेमले गेले, पण त्यांचा भर झाडे राखण्यापेक्षा सरकारासाठी ती ताब्यात घेण्यावर अधिक होता. पुढे १८४० नंतर कलेक्टर कॉनोली यांनी निलंबूर येथे सागाची लागवड सुरू केली. पण लावलेला साग हाती यायला दोन पिढ्या लागतात आणि आरमाराला तितका धीर कोठला? तेव्हा कंपनी सरकारची नजर बंगालच्या उपसागरापलीकडे गेली.

१८२४ ते १८२६ या पहिल्या ब्रह्मी युद्धानंतर यांदाबूच्या तहाने आराकान आणि तेनासरीम हे प्रांत इंग्रजांकडे आले. तेनासरीममध्ये साल्वीन नदीच्या मुखाशी मौलमीन हे बंदर उभे राहिले. तेथे जहाजे बांधली जाऊ लागली, करवती चालू लागल्या. वरच्या अरण्यात कोणीही परवाना घ्यावा आणि तोडावे, असा कारभार होता. लहान झाड, मोठे झाड असा विचार नाही, नव्याने लावण्याचे नाव नाही. वीस-पंचवीस वर्षांत तेनासरीमचे पोहोचण्याजोगे सागवन उजाड झाले. ब्रह्मी राजांच्या अमलात साग हे राजवृक्ष मानले जाई आणि ते तोडण्यास राजाज्ञा लागे. सुधारलेल्या म्हणविणाऱ्या राज्याने तेवढाही निर्बंध ठेवला नाही, ही गोष्ट नोंद करून ठेवण्यासारखी आहे.

१८५२ च्या दुसऱ्या युद्धात पेगू गेला. या वेळी लॉर्ड डलहौसी सावध होता. तेनासरीमची चूक पुन्हा होऊ नये म्हणून पेगूचा साग ही सरकारी मालमत्ता असे ठरविण्यात आले, आणि १८५६ च्या आरंभी डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ तेथे अधिकारी म्हणून आला. (त्याच वर्षी रत्नागिरीस टिळकांचा जन्म झाला, या दोन गावांची गाठ पुढे पडावयाची आहे.) ब्रँडिसची पद्धत साधी होती. हत्तीवर बसून तो ठराविक रेषेने अरण्यातून जाई आणि वाटेत दिसणारी सागाची झाडे घेराप्रमाणे वर्गवारीने मोजी. मोजणीसाठी हातात बांबूच्या कामट्या, आणि झाड दिसले की कामटीवर खूण. सहा फुटांहून अधिक घेराची झाडे पहिल्या वर्गातली. दुसऱ्या वर्गातील झाडे किती वर्षांत पहिल्या वर्गात येतील हे काढावयाचे आणि तेवढ्याच बेताने दरसाल तोड करावयाची. म्हणजे मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगावयाचे. डोंगरात फिरती शेती करणाऱ्या करेन लोकांना त्याने हाताशी धरले. जंगल जाळून मोकळ्या केलेल्या जागी त्यांनी भातपिकाबरोबर सागही लावावा आणि पुढे सरकावे, अशी ही व्यवस्था 'टाँग्या' नावाने जगभर गेली. १८६४ साली ब्रँडिस हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. आपल्याकडील वनखात्याचे नियम आणि त्या खात्याशी गावकऱ्यांची होणारी भांडणे, या दोहोंचे कूळ असे पेगूच्या अरण्यात सापडते.

ब्रँडिसला आम्ही मोठा माणूस मानतो. पण त्याचे व्याज कोणाच्या तिजोरीत जमा होत होते, हेही विसरता येत नाही.

आता सयामकडे वळू. १८५५ साली सर जॉन बौरिंगने बँकॉकला तह केला. आयात मालावर शेकडा तीनच जकात, इंग्रज प्रजाजनांवर सयामी न्यायालयाचा अधिकार नाही, अशा त्यातील अटी. साग मात्र बँकॉकच्या राजाच्या थेट ताब्यात नव्हताच. तो उत्तरेकडे चिएंगमाई, लांपांग, फ्रे, नान या मांडलिक संस्थानांत होता आणि तेथील राजे अरण्याला खाजगी मालमत्ता समजत. मौलमीनकडील अरण्ये संपत आली तसे तेथले ब्रह्मी, करेन आणि शान लाकूडवाले सरहद्द ओलांडून इकडे आले. ते पडले इंग्रजांचे प्रजाजन. संस्थानिक त्यांच्याकडून पैसे घेऊन तोडीचे पट्टे देत. आणि अनेकदा एकच जंगल दोघांना देत! मग मारामाऱ्या, ओंडक्यांची पळवापळव आणि इंग्रज वकिलातीकडे तक्रारी. एकामागून एक दावे बँकॉकला येऊ लागले आणि नुकसानभरपाई मागताना इंग्रज वकील ती बँकॉकच्या राजाकडे मागू लागला. १८७४ आणि १८८३ साली केवळ चिएंगमाईच्या प्रश्नावर दोन तह करावे लागले. दुसऱ्यानंतर इंग्रजांचा उपवकील तेथे येऊन राहिला.

भूगोलाची एक गंमत येथे सांगितली पाहिजे. उत्तर सयामचा साग दोन वाटांनी उतरे. पिंग, वांग, योम, नान या नद्यांना लागलेला ओंडका मेनाम नदीतून बँकॉकला जाई. पण डोंगराच्या पश्चिम उतारावरील ओंडका साल्वीनला लागे आणि मौलमीनला पोहोचे. म्हणजे झाड सयामचे आणि निर्यात ब्रह्मदेशाच्या खात्यावर. पाणी कोणत्या बाजूस वाहते यावर एका देशाचा माल दुसऱ्याच्या जमाखर्चात पडे. या दोन देशांच्या व्यापाराचे जुने आकडे शेजारी शेजारी मांडणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही, तर त्याची सारी तुलना साल्वीनमध्येच वाहून जाईल.

१८८५ साल हे या दोन वाटा फुटण्याचे साल. 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही कंपनी १८६३ साली मुंबईत स्थापन झाली होती. सूत्रे वॉलेस बंधू या स्कॉटिश पेढीकडे, पण भागीदारांत हिंदी व्यापारीही होते. उत्तर ब्रह्मदेशात मिंडान राजाकडून आणि पुढे थिबा राजाकडून तिने निंग्यानच्या अरण्यांचे पट्टे घेतले. १८८५ च्या ऑगस्टमध्ये मंडालेच्या दरबाराने कंपनीवर आरोप ठेवला की, तिने नेलेल्या ओंडक्यांपैकी पुष्कळांवरील कर भरलाच नाही. आणि सुमारे २३ लक्ष रुपये दंड केला. हिशेब कोणाचा खरा होता यावर आजही वाद घालता येईल. पण हे पाहा : त्याच वर्षाच्या जानेवारीत थिबाने फ्रेंचांशी तह केला होता आणि फ्रेंच वकील मंडालेत येऊन बसला होता. रंगूनच्या व्यापाऱ्यांना उत्तर ब्रह्मदेश खालसा झालेला हवाच होता. ऑक्टोबरात लॉर्ड डफरिनचा निर्वाणीचा खलिता गेला. त्यात दंडाची बाब तर होतीच, पण ब्रह्मदेशाने परराष्ट्रव्यवहार इंग्रजांच्या सल्ल्याने चालवावा अशीही अट होती. लाकडाच्या भांडणासाठी कोणी परराष्ट्रव्यवहार मागत नाही! नोव्हेंबरात फौज इरावतीतून वर चढली आणि तीन आठवड्यांच्या आत थिबा कैद झाला. १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला.

थिबाला मद्रासमार्गे रत्नागिरीस आणून ठेवले. तेथेच तो तीस वर्षे राहिला आणि १९१६ साली तेथेच वारला. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच काळात, १९०८ पासून १९१४ पर्यंत, रत्नागिरीचे टिळक मंडालेच्या तुरुंगात लाकडी फळ्यांच्या खोलीत होते. एका गावचा माणूस दुसऱ्या गावी कैदेत, दुसऱ्याचा राजा पहिल्या गावी.

मंडालेचे जे झाले ते बँकॉकने नीट पाहिले, असे पुढील घटनांवरून म्हणावे लागते. चुलालाँगकार्न राजाला उघड दिसत होते की, लाकडाचा एखादा तंटा उद्या आपल्या उत्तरेलाही गिळील. त्याने काय केले? इंग्रजांशी भांडण न काढता त्यांचाच माणूस मागून घेतला. ब्रह्मदेशच्या वनखात्यातील हर्बर्ट स्लेड हा अधिकारी आला आणि १८९६ च्या सप्टेंबरात सयामचे सरकारी वनखाते स्थापन झाले. स्लेडच त्याचा पहिला प्रमुख. त्याने पाहिले की लहान घेराची झाडे सर्रास पाडली जात आहेत आणि पट्ट्यांत शिस्त म्हणून नाही. १८९९ पर्यंत उत्तरेची अरण्ये मांडलिकांच्या हातून काढून बँकॉक सरकारच्या ताब्यात आली. पट्टे देणे, घेर ठरविणे, कर घेणे हे सारे राजधानीतून होऊ लागले. 'बॉम्बे बर्मा', 'बोर्निओ कंपनी', डेन्मार्कची 'ईस्ट एशियाटिक' या साऱ्यांना आता एकच मालक भेटला. त्यांचीही याला हरकत नव्हती. दहा संस्थानिकांची मर्जी राखण्यापेक्षा एका सरकारला नियमाने कर देणे त्यांनाही परवडत होते.

सयामच्या या शहाणपणाचे कौतुक करताना एक बाजू झाकली जाते. बँकॉकने इंग्रजांपासून उत्तर वाचविली ती उत्तरेच्या लोकांना गमावून. संस्थानिकांचे उत्पन्न गेले, नवे कर आणि दक्षिणेचे अंमलदार आले. १९०२ साली फ्रे येथे शान लोकांनी बंड केले, ते मोडले गेले, आणि फ्रेचा राजा लुआंग प्रबांगला पळाला. सयामने या प्रकरणात साम्राज्याला उत्तर दिले ते स्वतः लहान साम्राज्य होऊन, असे आमचे मत आहे. आणि तरीही दुसरा कोणता मार्ग त्याच्यापुढे होता, हे सांगणे सोपे नाही. एका बाजूस ब्रह्मदेशात इंग्रज, दुसऱ्या बाजूस १८९३ पासून मेकाँगच्या पलीकडे फ्रेंच. १८९६ च्या जानेवारीत त्या दोघांनी आपसांत मेनामचे खोरे परस्परांपासून सुरक्षित राखण्याचे ठरविले; म्हणजे ज्या नदीने साग बँकॉकला येत होता, तेवढे खोरे वाचले.

यानंतरची चाळीस वर्षे दोन्हीकडे भरभराटीची. वरवर पाहता फरक दिसू नये : तेच हत्ती, त्याच कंपन्यांचे गोरे मदतनीस, ब्रह्मदेशात करेन माहूत, सयामात लुआंग प्रबांगकडून आलेले खमू मजूर, आणि मलेरिया दोन्हीकडे सारखाच. फरक जमेच्या वहीत होता. सयामी सागाचे करउत्पन्न बँकॉकला राहिले. कंपन्यांचा नफा परदेशी गेला हे खरे, पण सरकारी वाटा देशातच खर्च झाला. ब्रह्मदेशचा वाटा मात्र हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चात मिसळे. शिवाय १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. त्यामुळे आपल्या रेल्वेच्या डब्यांना, गोद्यांना आणि मुंबईच्या इमारतींना लागणारा साग हा परदेशी मालच नव्हता. ब्रह्मदेशाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपणच होतो. त्या लाकडाच्या टनाची गणतीही निराळी, ५० घनफुटांचा एक टन. रंगूनच्या वखारीतून ते टन मुंबईला उतरत होते तेव्हा आपल्यापैकी कोणास ते लुटीचे वाटले नसावे.

१९४२ साली जपानी आले. ब्रह्मदेशात कंपन्यांचे लोक हत्ती घेऊन डोंगर ओलांडून हिंदुस्थानाकडे निघाले. पुष्कळ हत्ती युद्धाच्या कामी मेले. सयामने जपानच्या बाजूने युद्ध पुकारले आणि इंग्रज कंपन्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. युद्ध संपल्यावर पुन्हा वाटा फुटल्या. ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला आणि त्याने लागलीच सागाचा धंदा सरकारी मंडळाकडे घेतला. परदेशी पट्टे संपले. पण लगेच यादवी सुरू झाली, करेन लोक बंडात उतरले, आणि ज्या डोंगरांत साग होता तेथे सरकारचे राज्यच उरले नाही. १९६२ नंतरच्या लष्करी अमलात देशाने दारे लावून घेतली. रस्ते झाले नाहीत, यंत्रे आली नाहीत. हत्तीच ओढीत राहिले. ब्रँडिसच्या काळची घेराची पद्धत कागदोपत्री चालू होती. आम्हांस वाटते, तिने जेवढी झाडे राखली त्याहून अधिक झाडे या दारिद्र्याने राखली.

थायलंडात उलट झाले. १९४१ च्या कायद्याने साग कोठेही उगवो, अगदी माणसाच्या परसात का असेना, तो सरकारचा ठरला होता. (आपल्याकडे स्वतःच्या बांधावरचा साग तोडायला परवानगी काढणाऱ्या शेतकऱ्याला हे नवे वाटणार नाही. थायलंडने तो नियम २०१९ साली सैल केला.) परदेशी कंपन्या गेल्या, त्यांच्या जागी देशी ठेकेदार आणि सरकारी संस्था आल्या. मग रस्ते आले, ट्रक आले, लोकसंख्या वाढली, जंगल साफ करून मका आणि कसावा लावला गेला. १९६१ साली देशाच्या निम्म्याहून अधिक, शेकडा ५३ भूमीवर अरण्य होते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते शेकडा २८ च्या आसपास राहिले. कधीही परतंत्र न झालेल्या देशाने स्वतःचे अरण्य तीस वर्षांत निम्मे केले. स्वातंत्र्याने सयामची तिजोरी राखली होती. अरण्य राखण्याचे काम तिजोरीच्या मालकावर अवलंबून होते आणि त्याला घाई होती.

१९८८ च्या नोव्हेंबरात दक्षिण थायलंडात अतिवृष्टी झाली. नखोन सी थम्मरात भागात डोंगर खचले आणि तोडून टाकलेले ओंडके पुराबरोबर गावांवर येऊन पडले. शेकडो माणसे दगावली. त्या डोंगरांवर साग नव्हता, रबराच्या लागवडीसाठी उतार मोकळे केलेले होते; पण लोकक्षोभ असा उसळला की जानेवारी १९८९ मध्ये सरकारने देशभर अरण्यातील व्यापारी तोड बंद केली. ज्या देशाने शतकभर साग विकला तो आता विकत घेणारा झाला.

आणि विकत घ्यावयाचा कोठून? त्याच ब्रह्मदेशातून. तेथे १९८८ मध्येच उठाव चिरडून आलेल्या लष्करी सरकारजवळ परकीय चलन उरले नव्हते. डिसेंबर १९८८ मध्ये थायलंडचे सेनापती चवालित रंगूनला जाऊन आले आणि पाठोपाठ सरहद्दीवरील अरण्यांचे ठेके थाई कंपन्यांना मिळाले. ती अरण्ये करेन, करेनी आणि मोन लोकांची. ठेकेदारांनी केलेल्या रस्त्यांवरून लाकूड पूर्वेकडे गेले आणि त्याच रस्त्यांनी रंगूनचे सैन्य या लोकांच्या छावण्यांवर चालून येऊ शकले. बंडखोर संघटनाही त्याच लाकडावर कर घेऊन बंदुका विकत घेत होत्या, हेही सांगितले पाहिजे. १८७० च्या सुमारास मौलमीनचे लाकूडवाले सरहद्द ओलांडून सयामच्या जंगलात गेले होते. आता वाट उलटी झाली. एका देशाने आपली कुऱ्हाड खाली ठेवली ती शेजाऱ्याच्या अंगणात. हे ठेके १९९३ अखेर बंद झाले, चोरटी वाहतूक बंद झाली नाही.

पुढच्या वीस वर्षांत ब्रह्मी सागाचे मोठे गिऱ्हाईक पुन्हा आपणच होतो. ओंडके घेणाऱ्यांत हिंदुस्थान अग्रभागी होता. जगातील नैसर्गिक सागवनांपैकी जवळजवळ निम्मे क्षेत्र एकट्या म्यानमारमध्ये आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या २०१० च्या पाहणीत आढळले. पण त्याच संघटनेच्या मोजणीप्रमाणे २०१० ते २०१५ या काळात तेथे दरसाल सुमारे साडेपाच लक्ष हेक्टर अरण्य नाहीसे झाले. १ एप्रिल २०१४ पासून तेथील सरकारने अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. २०१६ साली देशभर वर्षभराची आणि पेगूच्या योमा डोंगरात, म्हणजे ब्रँडिसने कामट्यांवर खुणा केल्या त्याच अरण्यात, दहा वर्षांची तोडबंदी जाहीर केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता घेतल्यावर अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी सरकारी लाकूडमंडळावर निर्बंध घातले.

तोड थांबली तेव्हा हत्ती बेकार झाले. थायलंडचे १९८९ नंतर माहुतांबरोबर बँकॉकच्या रस्त्यांवर केळी आणि ऊस मागत हिंडू लागले, मग प्रवाशांच्या छावण्यांत गेले. म्यानमारचे शेकडो सरकारी हत्ती २०१६ नंतर काम नसल्याने तळांवर उभे राहिले. त्यांचे रोजचे खाणे आणि माहुताचा पगार लाकूडमंडळाच्या खर्चात पडतो, आणि ते मंडळ लाकूड विकूनच तो भागवीत आले आहे.